कपाटातला प्रोजेक्टर आणि वर्गातले गुरुजी : प्राथमिक शिक्षकांचे डिजिटल नेतृत्व कसे घडेल?

आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या जिल्हा परिषद शाळेत एकदा सहज जाऊन या. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट दिसेल. त्यात प्रोजेक्टर असेल, चार-पाच टॅब असतील, कोपऱ्यात एखादा संगणक कापड टाकून झाकलेला असेल. हे कुठून आले, असे विचारले तर लगेच उत्तर मिळेल : ग्रामपंचायतीकडून, लोकवर्गणीतून, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून. शेवटचे कधी वापरले, असे विचारले तर मात्र थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी हळूच सांगते, "ते सर बदलून गेले, तेव्हापासून बंदच आहे."

सगळ्याच शाळांत असे चित्र नाही. काही शाळांनी मोडक्या इमारतीत, तुटपुंज्या साधनांत थक्क करणारे काम उभे केले आहे. दोन्ही प्रकारच्या शाळांना मिळालेली साधने बहुतेक सारखीच असतात. फरक पडतो तो माणसामुळे. एका ठिकाणी उपकरण पोहोचले आणि त्याबरोबर ते कशासाठी वापरायचे हे ठरवणारा शिक्षकही उभा राहिला. दुसऱ्या ठिकाणी फक्त उपकरण पोहोचले.

हा विषय फक्त शिक्षकांचा किंवा शिक्षण खात्याचा आहे, असे समजून आपण बाजूला राहू शकत नाही. ज्यांना परवडते त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांकडे वळली. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत आज मुख्यतः शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या महिला यांची मुले शिकतात. म्हणजे बहुतांशी आपली, आदिवासींची आणि भटक्या-विमुक्तांची मुले. त्यांच्या हातात पुढच्या काळाची साधने कशी येतील, हे त्यांचा प्राथमिक शिक्षक किती तयार आहे यावर ठरणार आहे.

१०० पैकी किती?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक साधा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत १०० मुले दाखल होतात, त्यातली केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणून दिले. शाळा किती उघडल्या आणि पैसा किती खर्च झाला एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेवटी मुलांच्या पदरात काय पडले, हे त्यांनी विचारले.

आज पटावरची बहुतेक मुले चौथी-पाचवीपर्यंत टिकतात, ही मोठी कमाई आहे. पण त्यांना वाचता येते का? 'असर' सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. निम्म्याहून अधिक मुले वर्गात बसलेली आहेत, पण पुस्तक त्यांच्यासाठी बंदच आहे.

म्हणून शाळेतल्या तंत्रज्ञानाची चर्चा करतानाही बाबासाहेबांचीच मोजपट्टी वापरली पाहिजे. किती शाळा 'डिजिटल' म्हणून जाहीर झाल्या याला फारसा अर्थ नाही. त्या साधनांमुळे मागे राहणाऱ्या मुलांपैकी किती पुढे आली, एवढेच विचारायचे.

डिजिटल नेतृत्व म्हणजे नेमके काय?

या शब्दाभोवती बराच गैरसमज आहे. मोबाईल झटपट हाताळणारा, छान व्हिडिओ बनवणारा, शाळेची सगळी ऑनलाईन माहिती भरून देणारा शिक्षक म्हणजे डिजिटल नेता, असे अनेकदा मानले जाते. ही कौशल्ये उपयोगाची आहेत, पण ते नेतृत्व नव्हे.

डिजिटल नेतृत्व करणारा शिक्षक साधारण चार गोष्टी करतो. पहिली, कोणते साधन कधी वापरायचे आणि कधी अजिबात वापरायचे नाही, हे तो मुलांच्या गरजेवरून ठरवतो. दुसरी, आपल्याला जे जमले ते तो सहकाऱ्यांना जमेपर्यंत त्यांच्याबरोबर बसतो. तिसरी, पडद्यावरच्या जगातल्या धोक्यांपासून तो मुलांना आणि पालकांना सावध करतो. चौथी, वरून आलेली प्रत्येक ऑनलाईन योजना तो निमूटपणे राबवत नाही. यातून मुलांचा काय फायदा, हा प्रश्न योग्य ठिकाणी विचारतो.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी पद लागत नाही. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी असण्याची गरज नाही. दोन शिक्षकी शाळेतली एखादी बाईही हे नेतृत्व करू शकते, आणि अनेक ठिकाणी करते आहे.

परितेवाडीचा धडा

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडी हे लहान गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. १० लाख डॉलरच्या या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत रक्कम आणि दिलदारपणा या दोन्हींची भरपूर चर्चा झाली. त्यांच्या कामाची पद्धत मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

डिसले गुरुजी २००९ मध्ये त्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची अवस्था वाईट होती. पुस्तकाची भाषा आणि मुलांच्या घरची भाषा यांचाही मेळ नव्हता. त्यांनी पाठ मुलांच्या भाषेत आणले. मग पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्याला कविता, गोष्टी, व्हिडिओ आणि सरावाचे प्रश्न जोडले. पालकांकडे असलेल्या साध्या मोबाईलने कोड वाचला की पाठ समोर येई. म्हणजे नवे पुस्तक छापावे लागले नाही की महागडी यंत्रणाही लागली नाही.

इथपर्यंत ही एका हुशार शिक्षकाची गोष्ट आहे. नेतृत्व सुरू होते ते पुढे. आपल्या वर्गात जमलेली गोष्ट त्यांनी राज्याच्या यंत्रणेपुढे प्रस्ताव म्हणून ठेवली. तिची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये राज्यभरातल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे शासनाने जाहीर केले. पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तसाच निर्णय झाला. आज आपल्या घरातल्या मुलाच्या बालभारतीच्या पुस्तकात जो चौकोनी कोड दिसतो, त्यामागे एका खेड्यातल्या शिक्षकाचा पाठपुरावा आहे.

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सुरुवात मुलांच्या अडचणीतून झाली. साधन असे निवडले जे गरिबाच्या घरातही चालेल. आणि प्रयोग स्वतःपुरता न ठेवता सर्वांसाठी खुला केला.

कोरोनाने दाखवलेली दरी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. प्रत्यक्षात कोणाचे शिक्षण सुरू राहिले? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत, वंचित कुटुंबांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी करण्यात आली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुले फक्त ८ टक्के निघाली. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण ४ टक्के होते आणि इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. म्हणजे गरिबांच्या आतही जातीची रेघ स्पष्ट दिसत होती.

याच काळात काही शिक्षकांनी खरे डिजिटल नेतृत्व दाखवले, आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे काम मोबाईलशिवाय झाले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर अभ्यास रंगवला. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. कितीतरी शिक्षक स्वाध्यायाच्या झेरॉक्स घेऊन दारोदार फिरले. माझ्या वर्गातल्या किती मुलांच्या घरी फोन आहे, तो दिवसा घरी असतो की बापाबरोबर कामावर जातो, रिचार्ज कोण मारते, हे ज्याला माहीत होते त्याने दुसरा मार्ग शोधला. ज्याने फक्त व्हॉट्सॲप गटावर दुवा टाकला, त्याच्या कागदावर 'शिक्षण सुरू' राहिले.

म्हणून प्रत्येक शिक्षकाकडे आपल्या वर्गाचा एक साधा 'साधन-नकाशा' असला पाहिजे. कोणाच्या घरी स्मार्टफोन आहे, कोणाकडे साधा, कोणाकडे काहीच नाही. फोन मुलीच्या हातात मिळतो की फक्त मुलाच्या. वीज किती तास असते. वहीच्या एका पानावर मावणारी ही माहिती हाती असेल तर निम्म्या चुका टळतात.

तीन पायऱ्या

युनेस्कोने शिक्षकांच्या तंत्रज्ञानविषयक क्षमतांचा एक आराखडा तयार केला आहे. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यात १८ क्षमता आहेत आणि त्यांची तीन पायऱ्यांत मांडणी आहे. सोप्या भाषेत त्या अशा सांगता येतील.

पहिली पायरी ज्ञान मिळवण्याची. शिक्षकाला साधन हाताळता येते. तो तयार पाठ दाखवतो, युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन करतो, दीक्षा या शासकीय मंचावरचे साहित्य शोधतो.

दुसरी पायरी ज्ञान खोलवर नेण्याची. आता तो साधनाच्या मदतीने मुलांना प्रश्न सोडवायला लावतो. गावातल्या विहिरींची पाणीपातळी मुले दर आठवड्याला मोजतात, संगणकावर तक्ता करतात, उन्हाळ्यात पाणी कधी आटेल याचा अंदाज बांधतात. गणित, परिसर अभ्यास आणि संगणक एकाच कामात येतात.

तिसरी पायरी ज्ञान निर्माण करण्याची. शिक्षक आणि मुले मिळून नवे काही तयार करतात आणि इतरांना वापरायला देतात. पारधी, गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या शब्दांचा आवाजासह कोश, आजीकडून ऐकलेल्या गोष्टींचे छोटे पुस्तक, गावाचा स्वतःचा इतिहास. स्टोरीव्हीवरसारख्या मुक्त मंचावर मराठीसह अनेक भाषांतली बालपुस्तके विनामूल्य वाचता येतात, भाषांतरित करता येतात आणि नवी घालताही येतात. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने विनामूल्य उपलब्ध केले आहेत. एवढे साहित्य हाताशी असताना शिक्षकाने फक्त दुसऱ्याचे व्हिडिओ दाखवत बसणे हे नुकसान आहे.

आपली बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या पायरीवरच संपतात. संगणकाची परीक्षा पास, प्रमाणपत्र सेवापुस्तकात, विषय मिटला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास ऑनलाईन व्हिडिओ पुढे सरकवून प्रमाणपत्र उतरवून घेण्यात गेले, तर ५० काय, ५०० तासांनीही काही बदलणार नाही.

केरळने याबाबत वेगळी वाट धरली. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, तोच पुढे 'काईट' या संस्थेत रूपांतरित झाला. त्यांनी परवाना शुल्क लागणारी सॉफ्टवेअर सोडून मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले. बाहेरच्या कंपनीचा माणूस येऊन दोन दिवस शिकवून जातो, तेव्हा तो गेल्यावर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. शेजारच्या शाळेतला शिक्षकच प्रशिक्षक असेल तर तो संध्याकाळी फोनवरही भेटतो.

एका वर्षात काय करता येईल?

नेतृत्व भाषणाने घडत नाही, छोट्या कामातून घडते. एक उदाहरण पाहू. तिसरीच्या वर्गात ३० मुले आहेत आणि त्यातली बरीच जोडाक्षरांपाशी अडखळतात. शिक्षिकेकडे स्वतःचा एक साधा स्मार्टफोन आहे, बाकी काही नाही.

पहिले काम : रोज सहा मुलांना एकच उतारा एक मिनिट वाचायला लावायचा आणि आवाज ध्वनिमुद्रित करायचा. आठवड्यात सगळा वर्ग होतो. फाइलला मुलाचे नाव न देता फक्त हजेरी क्रमांक द्यायचा. संध्याकाळी ऐकताना वहीत टिपायचे : कोणत्या अक्षरावर थांबला, शब्द गाळला का, पहिले अक्षर पाहून अंदाजाने वाचले का. वर्गाच्या गोंगाटात जे कळत नाही ते इथे स्पष्ट ऐकू येते.

दुसरे काम : अडचणीनुसार मुलांचे तीन-चार गट करायचे. प्रत्येक गटासाठी त्यांच्याच बोलण्यातले शब्द वापरून छोटे उतारे लिहायचे, टंकून छापायचे. मुलाला त्याचाच आवाज ऐकवला की अनेकदा तो स्वतःच म्हणतो, "बाई, इथं चुकलं." हे चारचौघांसमोर करायचे नाही, एकट्याला बसवून करायचे.

तिसरे काम : सहा आठवड्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण करून तुलना करायची. फरक पडला असेल तर पद्धत पुढे न्यायची. पडला नसेल तर ती सोडायची आणि तसे स्पष्ट सांगायचे.

चौथे काम : शाळेतल्या एका सहकाऱ्याला सोबत घ्यायचे. इथे एक नियम पाळावा. शिकवणाऱ्याने फोन किंवा माऊस स्वतःच्या हातात घ्यायचा नाही. शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण शेजारी बसायचे. "द्या, मीच करून देतो" या एका वाक्याने कितीतरी शिक्षक आयुष्यभर मागे राहिले आहेत.

पाचवे काम : केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटे मागून घ्यायची आणि काय जमले, काय फसले दोन्ही सांगायचे. या परिषदा बहुतेक वेळा परिपत्रके वाचण्यात आणि माहिती मागण्यात जातात. तिथे एका शिक्षिकेने स्वतःच्या वर्गाचा अनुभव मांडला तर बाकीच्यांनाही धीर येतो.

सहावे काम : हस्तांतराची वही. कोणते साधन कुठे आहे, हमी कधी संपते, पासवर्ड काय आहेत, तयार केलेले साहित्य कोणत्या ठिकाणी साठवले आहे, हे सगळे लिहून वही मुख्याध्यापकांकडे ठेवायची. प्रत्येक साधन किमान दोघांना चालवता आलेच पाहिजे. शिक्षकांच्या बदल्या होणारच आहेत. सर बदलून गेले म्हणून कपाट बंद पडत असेल, तर ते काम एका माणसाचे होते, शाळेचे झालेच नव्हते.

वाटेतले अडथळे

शिक्षकांना नुसता उपदेश करून चालणार नाही. त्यांच्या पायांत बेड्याही आहेत.

सगळ्यात मोठी बेडी ऑनलाईन कामांची. सरल, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळवणी, फोटोसह अहवाल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. पण मोबाईलवर भरायची माहिती हे 'काम' म्हणून मोजलेच जात नाही. परिणाम असा की शिक्षकाच्या मनात 'डिजिटल' म्हटले की शिकवणे येत नाही, मुदत येते. ज्या साधनाचा त्याला धाक आहे, त्याच्यावर तो प्रेम कसे करेल?

दुसरा अडथळा खर्चाचा. शाळेचे वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि टॅब पेटीत जातात. इंटरनेटचा खर्च अनेकदा शिक्षक खिशातून करतात. साधन खरेदीला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही.

तिसरा अडथळा आपल्या मनातला. शाळेत 'टेक्नोसॅव्ही सर' असतात, 'टेक्नोसॅव्ही बाई' क्वचितच. संगणकाची किल्ली, प्रशिक्षणाची संधी, तालुक्याच्या बैठका हे सगळे आपोआप पुरुष शिक्षकांकडे जाते. बाईंना शाळा सुटल्यावर घर गाठायचे असते, हे कारण पुढे केले जाते. मग प्रशिक्षण शाळेच्या वेळेत आणि केंद्रातच का ठेवत नाही, असे कोणी विचारत नाही. ज्या महाराष्ट्रात सावित्रीबाईंनी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन १८४८ मध्ये मुलींना शिकवायला सुरुवात केली, तिथे तरी हे चालू नये.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सांगितले होते की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून तयार केले जावेत, कारण ते मुलांमध्ये मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. शिक्षकांना चांगला पगार असावा, असेही त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या घरची परिस्थिती ओळखणारा शिक्षक ही अट आजही तितकीच खरी आहे. पडद्यावरचा पाठ कोणीही तयार करील. पण मुलगा ऊसतोडीहून परतला म्हणून चार महिने मागे आहे, हे वर्गातल्या शिक्षकालाच कळेल.

मुलांची माहिती आणि मुलांचा सन्मान

शाळेचा कार्यक्रम झाला की मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर जातात. गणवेश वाटप, दप्तर वाटप, रांगेत उभी केलेली मुले आणि मागे देणगीदार. हेतू चांगला असेल, पण आपली गरिबी अशी जगासमोर मांडावी का, हे त्या मुलीला कोणी विचारले?

याहून गंभीर प्रकार शिष्यवृत्तीच्या याद्यांचा आहे. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी असलेल्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसारख्या योजनांची माहिती गोळा करताना नाव, जात, आधार क्रमांक, बँक खाते असलेला तक्ता व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. तो किती फोनमध्ये उतरतो, याचा हिशेब नसतो. पूर्वी वर्गात उभे करून जात विचारली जायची. आज तीच गोष्ट एका फाइलने होते, आणि ती फाइल पुसताही येत नाही. भामट्यांच्या हाती अशी यादी लागली तर "शिष्यवृत्ती जमा करायची आहे, ओटीपी सांगा" असा फोन थेट त्या आईला येतो.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचे तत्त्व मांडले आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? जातीचा रकाना असलेली यादी गटावर जाणार नाही, मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय जाणार नाही, एवढे दोन नियम कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते. ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे, हे पालकसभेत सांगू शकते.

आणखी एक जबाबदारी आहे, ती गावाबद्दलची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणारी ती निरपराध माणसे होती. मोबाईलवरून फिरणाऱ्या अफवांनी लोकांची मने आधीच पेटवली होती. अशा घटनेचा दोष कोणा शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. पण मिळालेला प्रत्येक निरोप तपासून पाहावा, कोणी पाठवला, पुरावा काय, दुसरीकडे ही बातमी आहे का, असे विचारावे, ही सवय लहानपणी लागते आणि ती लावणारा पहिला माणूस प्राथमिक शिक्षक असतो. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टी पारखून घ्यायला सांगितले. चौथीच्या मुलाला खोटा फोटो ओळखायला शिकवणे हा त्याच विचाराचा आजचा पाठ आहे.

पडदा गुरुजींची जागा घेऊ शकत नाही

एक धोका वेळीच ओळखला पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले आणि त्याला ठिकठिकाणी विरोध झाला. वाड्या-वस्त्यांवरच्या लहान शाळा खर्चिक आहेत, हा विचार काही नवा नाही. उद्या कोणी म्हणेल, "शिक्षक कशाला, मोठा पडदा बसवू, शहरातून पाठ दाखवू." डिजिटल नेतृत्वाच्या नावाखाली शिक्षकांची पदे कमी करण्याचा प्रयत्न झाला, तर त्याचा पहिला फटका आपल्याच वस्त्यांना बसेल. मुलगी दूरच्या शाळेत जाणार नाही, घरी राहील.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान शिक्षणात आणताना ते कोणाच्या अटींवर, असाच प्रश्न विचारला आहे. साधन शिक्षकाच्या हातात हवे, शिक्षकाच्या जागी नको.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांसाठी हा विषय मोर्चाचा कमी आणि चिकाटीचा जास्त आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. आपल्या वस्तीतल्या किती आयांना आपण सदस्य आहोत हे तरी माहीत आहे? शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. त्यात वीजबिल, इंटरनेट, दुरुस्ती आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद मागा. तीच मागणी ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या आराखड्यात लिहून घ्या.

ज्यांना संगणक येतो अशा तरुणांनी आठवड्यातून दोन तास शाळेला द्यावेत. पण शिक्षकांना शिकवायला आलो, अशा थाटात जाऊ नका. त्यांना काय अडते ते विचारा. बंद पडलेला संगणक दुरुस्त करून त्यावर मुक्त प्रणाली बसवून द्या, मराठी टंकलेखनाची सोय करून द्या. शक्य असेल तर ऑनलाईन माहिती भरण्यासाठी मनुष्यबळ द्या, अशी मागणी पंचायत समितीकडे संघटितपणे लावून धरा.

अनेक विहारांत अभ्यासिका चालतात. तिथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांबरोबर संध्याकाळी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीही एक कोपरा राखता येईल. १४ ते १६ वयोगटातील जी मुले स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी, असे 'असर'च्या २०२४ च्या अहवालात दिसते. फोन घरोघरी पोहोचला आहे. तो अभ्यासाकडे वळवायला सोबत बसणारा माणूस हवा.

आणि चांगले काम करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. जयंतीच्या व्यासपीठावर नेत्यांबरोबर एखाद्या प्राथमिक शिक्षिकेचाही सत्कार करा. मात्र सत्कार करण्याआधी तिच्या वर्गात जाऊन बसा, मुले वाचतात का ते ऐका.

कपाट उघडायला किल्ली लागते, ती मुख्याध्यापकांकडे आहे. पण कपाटातली वस्तू मुलांच्या हातात जावी यासाठी गावाने विचारायला लागते. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा एवढेच विचारा : "गुरुजी, या साधनांमुळे आपल्या मागे पडलेल्या मुलांपैकी किती पुढे आली? आणि उरलेल्यांसाठी आम्ही काय करू?"